एक खातं, दोन साडू

पैशाचा व्यवहार कसा करावा हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ ताराझ शहरात यावं आणि तोक्तार कोण म्हणून विचारावं. मीच तो! पाणीपुरवठा कचेरीतला मीटर तपासनीस. अकरा वर्षांत बँकेचा एक हप्ता चुकवलेला नाही. चुकवणं सोडा, दोन दिवस आधी भरतो! माझ्या वाढदिवसाला बायकोच्या आधी बँकेचा मेसेज येतो आणि त्याची सुरुवात 'प्रिय तोक्तार' अशी असते. बायको मला शेवटचं 'प्रिय' म्हणाली ती लग्नाआधी, आणि तेव्हाही बाजारातून दोन मोठी कलिंगडं उचलून आणायची होती.

तर हे सगळं मी छाती फुगवून सांगत असे. गेल्या फेब्रुवारीपर्यंत.

त्या वेळी माझं सगळं कसं रांगेत उभं होतं! बँकेने वीस लाख तेंगेचं लिमिट असलेलं कार्ड दिलं होतं, आणि मी त्याला पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखं जपत होतो. नव्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर हेरून ठेवलं होतं. गृहकर्जाचा अर्ज गेला होता. बायको, बल्जिया, रोज त्या घराच्या नकाशावर पेन्सिलीने कपाटं काढायची आणि रोज खोडायची. चौदा वर्षं भाड्याच्या घरात काढली आम्ही. घरमालकिणीला विचारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नव्हता.

एवढं सगळं छान चाललेलं असताना माणसाच्या आयुष्यात दुःख कुठून येतं? मी सांगतो. साडूकडून येतं!

माझा साडू एर्केबुलान. बल्जियाच्या धाकट्या बहिणीचा, कमशातचा नवरा. बाथरूमच्या फरशा विकतो. वय छत्तीस, उंची सहा फूट, पांढरी जीप आणि डोक्यावर केस. ते केससुद्धा असे, की हाताने मागे सारले की पुन्हा पुढे येतात. माझे एकदा मागे गेले ते गेलेच.

हा माणूस घरात येण्याआधी दहा वर्षं मी सासरचा एकुलता एक जावई होतो. आमच्याकडे बेशबार्माकच्या, म्हणजे मांस आणि रुंद शेवयांच्या, ताटात मेंढीच्या छातीचा तुकडा जावयाला देतात. तो जावयाचा मान. दहा वर्षं तो माझ्याच पुढ्यात आला. मग हे महाशय आले! पहिल्याच जेवणात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमची हरकत नाही ना? नवा आहे तो, लाजतोय." लाजतोय म्हणे! त्याने तो तुकडा असा साफ केला, की हाडावर माशी बसली असती तर घसरून पडली असती. आणि त्यानंतर चार वर्षं तो नवाच राहिला!

तो विनोद करायचा, सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. मी विनोद केला की म्हणायच्या, "मग पुढे काय झालं?"

तर फेब्रुवारीतल्या एका दुपारी हाच एर्केबुलान माझ्या कचेरीत आला. हातात बिस्किटांचा डबा. चेहरा पडलेला.

"साडूबुवा, एक काम होतं. पण दार लावू का?"

"लाव की."

दार लावून तो खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. म्हणाला, "माझं कार्ड बंद पडलंय. म्हणजे बँकेनेच बंद केलंय. फरशांचा माल अडकलाय, दोन-तीन हप्ते मागे-पुढे झाले. तात्पुरतं आहे हो! तुमच्या खात्यावर मला एक जोडकार्ड काढून द्याल? जे वापरीन ते पंचवीस तारखेच्या आत तुम्हाला आणून देईन."

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसाने इथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. खरं आहे. पण त्या क्षणी मला काय झालं हे साडू असलेल्या माणसालाच कळेल! चार वर्षं ज्याचा मी हेवा केला तो माझ्यापुढे खुर्चीच्या टोकावर बसला होता! त्याचे केससुद्धा मला विरळ दिसायला लागले! अंगातून अशी काही गुदगुली गेली, की मी नुसता खाकरलो, आणि साहेब खाकरतात तसा खाकरलो.

"हं," मी म्हणालो. "विचार करावा लागेल."

"करा ना!"

"केला," मी म्हणालो. "देतो. पण एका अटीवर. पुढच्या जेवणाला तू सगळ्यांसमोर म्हणायचंस, की छातीचा तुकडा थोरल्या साडूंना द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग माझीही एक अट," तो म्हणाला. "हे कोणाला कळता कामा नये. कमशातला नाही, वहिनींना नाही, सासूबाईंना तर मुळीच नाही." माझ्या डब्यातल्या नानवर त्याने माझा हात ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. अन्नाची शपथ आमच्यात मोडत नाहीत. साडूला मदत केली, आणि ते कोणाला सांगायचं नाही! पण तोवर मी इतका हवेत होतो, की घेतली शपथ.

बँकेतली मुलगी चांगली होती. तिने मला तीनदा समजावलं. "काका, कार्ड दोन, पण खातं एक. ते जे खर्च करतील त्याची सगळी जबाबदारी तुमची. त्यांनी नाही भरलं तर थकबाकी तुमच्या नावावर लागेल, त्यांच्या नाही."

"पोरी," मी म्हणालो, "अकरा वर्षं झाली मला या बँकेत."

"म्हणूनच सांगतेय, काका."

मी सही ठोकली. सहीखाली एक रेघसुद्धा ओढली. दिमाखात!

पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जेवण. ताट आलं. एर्केबुलानने शब्द पाळला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आई, हा मान थोरल्या साडूंचा. मला नको."

चार वर्षांनी तो तुकडा माझ्यापुढे आला! मी मान ताठ करून सगळीकडे पाहिलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "किती मोठ्या मनाचा मुलगा आहे!"

कोण? एर्केबुलान!

"आपला मान दुसऱ्याला देणं सोपं नसतं," बल्जियासुद्धा म्हणाली. मांस माझ्या घशात अडकलं. वर सासूबाईंनी त्याच्यासाठी आतून वेगळं ताट आणलं.

आणि मग फोन वाजायला लागला.

खातं माझं असल्यामुळे तो जे काही घेई त्याचा मेसेज मला येई. पहिला आठवडा ठीक गेला. पेट्रोल. पेट्रोल. मोटारीचे टायर, दोन लाख वीस हजार! धंद्याला जीप लागते म्हणून मी गप्प बसलो. मग आला आठ मार्च. महिला दिन. सकाळी चहा पितोय तर फोन वाजला. फुलं, अठरा हजार. पुन्हा वाजला. अत्तर, बेचाळीस हजार. तिसऱ्यांदा वाजला. सोन्याची कर्णफुलं, एक लाख नव्वद हजार! चहा माझ्या नाकात गेला.

मी बल्जियासाठी तवा आणला होता. न चिकटणारा. चांगल्यातला!

संध्याकाळी कमशात आली. कर्णफुलं झुलावीत म्हणून बोलताना ती मान उगीचच हलवत होती. 'हो' म्हणताना हलवायची, 'नाही' म्हणतानाही हलवायची. ती गेल्यावर बल्जियाने तवा भिंतीला टेकवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. बघतेय, कानात कसा घालता येईल."

"अगं..."

"एर्केबुलानला बायकोची किंमत आहे. कसं कळतं त्याला? त्याच्याकडे पैसा आहे म्हणून नाही. मन आहे!"

वाचकहो, ते मन माझं होतं! माझ्या खात्यातलं, व्याजासकट! पण नानची शपथ. मी नुसता तव्याकडे बघत राहिलो. आमच्या घरात त्या संध्याकाळी सगळे तव्याकडेच बघत होते.

आता शहाण्या माणसाने काय करावं? कार्ड बंद करावं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर बल्जियाला कोट घेतला! दोन लाख चाळीस हजार! कॉलरला कोल्ह्याची लोकर! म्हटलं, बघूच कोणाला मन आहे ते! बल्जिया कोट घालून बहिणीकडे गेली आणि चार तास आली नाही. तिथे घरातसुद्धा चार तास कोट अंगातून काढला नाही म्हणे. मला फार समाधान झालं.

चार दिवसांनी फोन वाजला. मोबाईल, तीन लाख दहा हजार. कमशातला नवा फोन! मी लगेच बल्जियासाठी आपोआप फिरून झाडू मारणारं यंत्र आणलं. एक लाख तीस हजार. म्हणजे बघा, मी आणि एर्केबुलान एकमेकांशी शर्यत लावून धावत होतो, आणि दोघंही माझ्याच खिशात धावत होतो! कागदावर मांडलं असतं तर मला दिसलं असतं. पण हेवा कागदावर मांडायचा नसतो, तो पोटात असतो.

ते यंत्र भाड्याच्या घराच्या उंबरठ्याला दिवसभर धडका द्यायचं. घरमालकीण तक्रार घेऊन आली.

त्यातच तो बुधवार आला. मी आंघोळीला गेलो होतो, फोन टेबलावर. बाहेर आलो तर बल्जिया फोन हातात घेऊन उभी.

"शाही हमाम," ती वाचत होती. "वाफ, मसाज आणि मध-लेप. दोन व्यक्तींसाठी. बत्तीस हजार." तिने वर पाहिलं. "दोन व्यक्ती कोण?"

माझ्या अंगावरचा साबण वाळला.

"मी," मी म्हणालो.

"आणि दुसरी?"

"मीच. दोनदा गेलो."

"एका दुपारी दोनदा?"

"अंग फार दुखत होतं."

तिने मला गर्रकन फिरवलं, मानेमागे बोट घासलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. "मध-लेप? अहो, आत्ता आंघोळ करून आलात तरी मळ निघतोय! कोण आहे ती?"

"कोणी नाही गं!"

"म्हणून कोट आणलात होय! म्हणून यंत्र! मन खात होतं ना तुम्हाला! चौदा वर्षांत कोट सुचला नाही आणि आत्ताच कसा सुचला?"

ती तडक बहिणीकडे गेली रडायला. तासाभराने परत आली ती आणखी लाल होऊन.

"कमशात आणि एर्केबुलान त्याच दिवशी त्याच हमाममध्ये होते! दुपारभर! तुम्ही तिथे नव्हतातच!"

"नव्हतो," मी कबूल केलं.

"म्हणजे पैसे तुम्ही भरलेत आणि आत गेली दुसरीच दोघं?"

"अगदी बरोबर!" मी ओरडलो. इतकं खरं मी महिन्याभरात बोललो नव्हतो!

"वेडी समजता का मला?" ती म्हणाली आणि त्या दिवसापासून माझ्या चहात साखर बंद झाली. मी मीटर तपासायला कुठल्या गल्लीत जातो हे ती रोज विचारायची, आणि त्या गल्लीत कोण कोण बायका राहतात हे तिला कुठून तरी माहीत असायचं. एका सत्तर वर्षांच्या विधवेचा मीटर मी दोनदा तपासला, तर दोन दिवस घरात जेवण थंड!

पंचवीस तारीख आली. एर्केबुलान आला नाही. फोन केला तर म्हणाला, "साडूबुवा, सोमवारी नक्की." सोमवारी म्हणाला, "गुरुवारी." गुरुवारी फोन उचलला नाही. बँकेचा मेसेज आला, या वेळी 'प्रिय' नव्हतं. हप्ता भरायची शेवटची तारीख जवळ येत होती. मी भरू शकलो असतो. खरं सांगतो, पगार खात्यावर होता. पण मनात आलं, त्याच्या मध-लेपाचे पैसे मी का भरू? मी वाफेत बसलो होतो का? त्याने बसून यावं आणि मी भरावं? नाही भरणार! बघू कोण हरतं!

हरलं कोण ते पुढे कळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी तारीख चुकली. बारा दिवस.

एप्रिलमध्ये सासूबाईंची पासष्टी होती. हॉल घेतला होता, साठ पाहुणे. खर्च दोन्ही जावयांनी निम्मा निम्मा करायचा असं ठरलं होतं. माझ्या वाट्याचे पैसे मी पगारातून बाजूला काढून ठेवले होते. माइक फिरत होता, लोक आशीर्वाद आणि भेटी देत होते. एर्केबुलान उठला. केस मागे सारले. ते पुढे आले. सगळ्या मावश्यांनी सुस्कारा टाकला.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर समुद्र पाहिला नाही. दहा दिवस तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर! आत्ताच, इथे बसल्या बसल्या, तुमची जागा पक्की केलीय!"

टाळ्यांनी छत हललं. सासूबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तीनदा मुका घेतला. मी त्यांच्या पासष्टीला गालिचा आणला होता. गुंडाळलेला, खुर्चीमागे उभा. तो मला अचानक फार बारीक वाटायला लागला.

बल्जियाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच सहन झालं नाही! मी उठलो, माइक हिसकावला आणि म्हणालो, "आणि आजच्या मेजवानीचा सगळा खर्च माझा! एकट्याचा! एर्केबुलानने एक तेंगेसुद्धा द्यायचा नाही!"

काय टाळ्या! कोणी तरी शिट्टी मारली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू!" आणि बल्जियाने माझ्याकडे पाहिलं. दीड महिन्याने, नीट, डोळ्यांत डोळे घालून. लाख तेंगे कमी पडले असते तरी मी त्या नजरेसाठी दिले असते.

कमी पडले ते पाच लाखांहून जास्त.

हॉलची मॅनेजरीण दणकट बाई होती. तिने गल्ल्यावर कार्ड घातलं, काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मी ऐटीत माझ्या खुर्चीवर येऊन बसलो होतो. ती यंत्र हातात घेऊन थेट हॉलच्या मधोमध आली. तिला हळू बोलता येत नव्हतं, साठ लग्नांत ओरडून ओरडून तिचा आवाज तसाच झाला होता.

"तोक्तार कोण? तुमच्या कार्डात पैसे नाहीत! बिल सहा लाख तीस हजार!"

मी फोन काढला. गडबडीत एक मेसेज वाचायचा राहिला होता. प्रवास कंपनी, सात लाख चाळीस हजार. वीस मिनिटांपूर्वी!

म्हणजे सासूबाईंना समुद्रावर मी पाठवत होतो. मुका त्याला!

मी तोंड उघडणार एवढ्यात एर्केबुलान उभा राहिला. अजून मला कळत नाही तो का उभा राहिला. बहुतेक सवयीने. टाळ्या बंद झाल्या की त्याला करमत नसावं. हात वर करून म्हणाला, "अहो, एवढंच ना! साडूबुवांचं कार्ड अडलं तर काय झालं, मी आहे ना!" आणि खिशातून आपलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

"देऊ नकोस!" मी ओरडलो.

"राहू दे हो, साडूबुवा. आपल्यात कसला संकोच!"

यंत्राने एक आवाज काढला. तोच आवाज.

"हेही रिकामं!" मॅनेजरीण म्हणाली. मग तिने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली, चष्मा वर केला. "आँ? अहो, हे तर एकच खातं आहे! मालक तोक्तार. हे दुसरं त्यांचंच जोडकार्ड! एकाच हंड्याला दोन तोट्या लावल्यात आणि हंडा रिकामा! तिसरं कोणाकडे असेल तर ते नका देऊ, नुसते पैसे द्या!"

साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मग साठ माणसांनी एर्केबुलानकडे बघितलं. मग सगळ्यांनी कमशातच्या कानांकडे.

बल्जिया हळूहळू उठली. तिचं डोकं चालताना मला दिसत होतं.

"हमाम," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

"दोन व्यक्ती."

"तेच दोघं."

"मग ती बाई?"

"बाई नाहीच! हा आहे!" मी एर्केबुलानकडे बोट केलं.

क्षणभर बल्जियाचा चेहरा इतका सुंदर दिसला, की मला वाटलं, सुटलो! मग ती बहिणीकडे वळली. "काढ ती कर्णफुलं."

"मी का काढू? माझ्या नवऱ्याने दिलीत!"

"माझ्या नवऱ्याने दिलीत! मला त्याने तवा आणला आणि तुला सोनं!"

"भाऊजी, तुम्ही?" कमशात माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. "एर्केबुलान, म्हणजे माझा फोनसुद्धा? टायर तर तुझे ना रे?"

एर्केबुलानने मान खाली घातली. केस पुढे आले. या वेळी त्याने ते मागे सारले नाहीत.

"बसा सगळे!" सासूबाई म्हणाल्या. त्या वीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका होत्या. साठच्या साठ माणसं बसली, मॅनेजरीणसुद्धा. त्यांनी भेटीच्या पाकिटांची पेटी उघडली, एकेक पाकीट फोडलं आणि हॉलचं बिल स्वतःच्या वाढदिवसाच्या पैशांतून चुकतं केलं. मग म्हणाल्या, "आता चहा आणा. आणि गाणं लावा, माझी पासष्टी आहे."

चहा येईपर्यंत बल्जियाच्या फोनवर मेसेज आला. गृहकर्जाच्या अर्जावर तिचंही नाव होतं. तिने वाचला. मला दाखवला. कार्डाची थकबाकी आणि वापरून संपलेलं लिमिट लक्षात घेता तुमचा अर्ज नामंजूर. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल.

मला वाटलं, आता ताट येईल अंगावर. ती नुसती बसली. कोल्ह्याच्या कॉलरवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "स्वयंपाकघराला खिडकी होती. सकाळचं ऊन यायचं तिथे."

एकदा तरी ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बाहेर पडलो तर एर्केबुलान जीपला टेकून उभा होता. मी त्याला मारायलाच निघालो होतो. खरंच! बाह्या वर केल्या होत्या.

"किती कर्ज आहे?" मी विचारलं.

"नव्वद लाख. चार ठिकाणी. ही जीपही बँकेची आहे."

"आणि तुर्कस्तान?"

"चुकलं," तो म्हणाला. "तुमच्या हातात तो गालिचा बघितला आणि वाटलं, झालं, आता आईंना गालिचाच आवडणार. तुमचं आणलेलं त्यांना आवडतंच. लग्न झाल्यापासून ऐकतोय मी, तोक्तारकडे बघ, एक हप्ता चुकत नाही. तोक्तारकडे बघ, सरकारी नोकरी. तोक्तार आता स्वतःचं घर घेतोय. तुमच्यासारखं व्हायला मला वीस वर्षं लागली असती. म्हटलं, निदान दिसावं तरी."

माझ्या बाह्या वरच राहिल्या. माझं घर गेलं होतं, नाव गेलं होतं, बारा दिवसांचा डाग लागला होता. आणि त्या सगळ्या राखेत मला काय वाटलं असेल? सांगायला लाज वाटते. आनंद झाला! नव्वद लाखांचं कर्ज काढण्याइतका कोणी तरी माझा हेवा करत होता! माझा! टकल्या तोक्तारचा!

"पुन्हा सांग," मी म्हणालो.

"काय?"

"ते, तोक्तारकडे बघ वालं."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोन्ही जोडप्यांना घरी बोलावलं आणि वही काढली. प्रवास रद्द केला, पैसे दंड कापून परत आले. कर्णफुलं आणि फोन विकले, कोटही विकला, बल्जियाने स्वतः नेऊन दिला. जीप बँकेने नेली, एर्केबुलान आता फरशांचे नमुने बसमधून घेऊन फिरतो. मी बँकेत जाऊन जोडकार्ड बंद केलं. तीच मुलगी होती. तिने नुसतं पाणी दिलं. कार्ड बंद झालं तरी बाकी सगळी माझ्याच नावावर राहिली. ती सासूबाईंनी साठवलेल्या पैशांतून फेडली, आणि आता आम्ही दोघं साडू त्यांचे कर्जदार आहोत. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत हप्ता. हातात. रोख. बँक निदान हप्ता घेताना 'बारीक झालात, नीट जेवत नाही का' असं विचारत नाही.

घराचा अर्ज ऑक्टोबरमध्ये पुन्हा करायचा आहे. बल्जियाने नकाशा टाकलेला नाही, घडी करून ठेवलाय. माझ्या चहात अर्धा चमचा साखर परत आली आहे. तेव्हा सगळं हळूहळू मार्गी लागतंय, आणि मीही शहाणा झालोय. कोणाचा हेवा म्हणून करायचा नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

फक्त एक झालं. मे महिन्याचा हप्ता मी आठ तारखेला नेऊन दिला. दोन दिवस आधी, जुन्या सवयीने. सासूबाईंनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "छान. एर्केबुलान पाच तारखेलाच देऊन गेला. सुधारला हो मुलगा!"

जूनचा मी तीन तारखेला दिला. तो म्हणे एकला देऊन गेला होता! वर चहा पिताना विनोदही करून गेला, सासूबाई अजून हसत होत्या.

म्हणून परवा, वीस तारखेलाच, मी कचेरीतल्या हिशेबनीस बाईंकडे आगाऊ पगाराचा अर्ज घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यातून बघितलं. "तोक्तार, अकरा वर्षांत कधी मागितला नाहीत. एवढी काय निकड आली?"

"घरी आजारपण आहे," मी म्हणालो.

"अगं बाई! काय झालंय?"

खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही.

"साडू," मी म्हणालो.